पलीकडच्या गावचा ट्रेनर

मे महिना लागला की आमच्या भागात रस्त्याच्या कडेला स्पारगेल विकणाऱ्या लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. बोटाएवढे जाड, पांढरेफटक कोंब. वर मातीचा ढीग ओढून अंधारात वाढवलेले, उन्हाचा कवडसाही न पाहिलेले. जर्मन माणूस वर्षभर या भाजीची वाट बघतो आणि आली की लोण्यात बुडवून डोळे मिटून खातो. माझी बायको रूपाली मात्र इतक्या वर्षांनंतरही ती जुडी उलटीपालटी करून बघते. ज्या भाजीला ऊन ठाऊक नाही तिचा भरवसा काय, असं तिचं म्हणणं. मला भाजीचं काही नाही. माझ्या मनात पाल चुकचुकते ती वेगळ्या कारणानं. टपऱ्या लागल्या म्हणजे फुटबॉलचा हंगाम संपत आला. गावोगावच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा ताज्या होतात, कापलेल्या गवताचा ओला वास संध्याकाळी खिडकीतून आत येतो, आणि कुठल्या तरी गावात कुणी तरी कुणाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागतं. मग मला कॅलम आठवतो.

मी कोल्हापूरचा, तोही पेठेतला. बाकीचा महाराष्ट्र क्रिकेटच्या नादी लागला तेव्हा आमच्या पेठांनी फुटबॉल धरून ठेवला. तालमीच्या नावानं संघ आणि तालमीच्या नावानं भांडणं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी तालमीच्या संघात बॅकला खेळायचे. पुढं मीही त्यांच्याच जागेवर खेळलो. आमच्याकडे पोराला चालायला यायच्या आधी संशय घ्यायला येतो. रेफरी कुणाच्या घरी जेवला, गोलकीपरची बहीण कुठल्या पेठेत दिली, यावरून मॅचचा निकाल आदल्या दिवशी सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं सांगणं खरं ठरलेलंही पाहिलं आहे. पेठ सोडून दुसऱ्या तालमीकडून खेळायला गेलेल्या माणसाला आमच्याकडे चहाला बोलावतात. फक्त त्याच्यासमोर संघाचं काही बोलत नाहीत.

जर्मनीत वर्ल्ड कप व्हायचा होता, त्याच्या आदल्या वर्षीचा तो हंगाम. मी स्टुटगार्टजवळ ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर होतो आणि एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकल गाडीच्या, शेवटच्या टोकाला एका लहानशा गावात राहत होतो. कामही स्वभावाला साजेसं. ब्रेक लागणारच नाही असं धरून चालायचं आणि लागेपर्यंत त्याचा छळ करायचा. त्याच विभागात डीटर होता, आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. भारतीय म्हणजे क्रिकेट हे त्यानं धरूनच ठेवलेलं. मी फुटबॉल खेळतो म्हटल्यावर त्यानं आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. "आल्झो," म्हणजे बरं तर, "गुरुवारी ये. बघू," म्हणाला. त्याच्या 'बघू'मध्ये मला माझं कोल्हापूर ऐकू आलं आणि जरा बरं वाटलं.

आमची लीग जिल्ह्यातल्या गावांची. सुतार, शिक्षक, बेकरीवाले, आणि त्या वर्षी एक कोल्हापूरकर. ट्रेनर मात्र स्कॉटलंडचा. कॅलमची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाकडून. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावात जन्म. मिसरूड फुटायच्या वयात तिथल्या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबात सेंटर बॅक. एकदा म्हणे एका मोठ्या क्लबचा माणूस मुद्दाम त्याला बघायला आला, आणि नेमकं त्याच दिवशी इतकं धुकं पडलं की मॅचच रद्द झाली. ही गोष्ट खरी की रचलेली, यावर आमच्या फेराइन्सहाइममध्ये, म्हणजे क्लबच्या बिअर प्यायच्या आणि बैठका घ्यायच्या खोलीत, पैजा लागत. मोडून बसलेलं नाक आणि जिना उतरताना कुरकुरणारा डावा गुडघा एवढे दोन पुरावे मात्र सगळ्यांना मान्य होते.

बर्लिनची भिंत पडली त्या सुमारास तो जर्मनीत एका बऱ्यापैकी क्लबकडून खेळायला आला. क्लब बुडाला, हा इथंच राहिला. मग नेकर नदीच्या पलीकडच्या गावच्या संघात आला. तिथं वर्षानुवर्षं बचावफळीचा खांब होता, कप्तान होता, तिथल्याच हेअरड्रेसर बाईशी त्यानं लग्न केलं. गुडघा गेल्यावर त्यानं त्याच क्लबाकडे ट्रेनरची जागा मागितली. त्यांनी ती दुसऱ्याला दिली. त्यानंतर दोन लांबच्या क्लबांनी त्याला घेतलं आणि दोघांनीही हंगाम अर्ध्यावर असताना काढलं. का काढलं, हे तो सांगत नसे. शेवटी डीटरनं त्याला नदीच्या अलीकडे आणला.

आणला खरा, पण माणूस राहत होता पलीकडेच. बायकोचं सलूनही पलीकडे, आणि आमच्या संघातल्या निम्म्या जणांच्या बायका केस कापायला तिथंच जायच्या. आमच्या कुणाचा घोटा दुखावलाय हे पलीकडच्यांना आमच्याआधी कळतं, असा डीटरचा दावा होता. "काही तरी मुरतंय," तो मला कॅन्टीनमध्ये म्हणायचा आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये काटा खुपसायचा. मी मान डोलवायचो. कुठं तरी पाणी मुरतंय हे ऐकायला मला भाषांतर लागत नव्हतं.

त्याची शिकवायची पद्धतही संशय वाढवणारीच. इतर ट्रेनर पोरांना चेंडू देतात, हा दोर आणायचा. आम्हा चौघा बॅकना कमरेला एकाच दोरानं बांधायचा आणि मैदानभर चालवायचा. उजवीकडचा पुढे गेला की डावीकडच्याला ओढ बसली पाहिजे. ऑक्टोबरच्या पावसात तो दोर भिजून जड व्हायचा, जर्सीतून कमरेला घासायचा, आणि घरी आल्यावर रूपाली विचारायची, "अहो, तुम्ही फुटबॉल खेळता की तुम्हाला बाजाराला नेतात?" सराव संपला की पायऱ्यांवर बूट आपटून चिखल पाडायचा, लेबरकेजचा, म्हणजे वाटलेल्या मांसाच्या भाजलेल्या वडीचा, गरम तुकडा पावात घालून खायचा, आणि कॅलम आज आपल्याला काय शिकवत होता यापेक्षा का शिकवत होता यावर चर्चा करायची. आमचा चिखल घरच्या जिन्यापर्यंत यायचा. जिना झाडायची पाळी ज्या घराची असेल त्या घराच्या दारावर पाटी लटकवायची पद्धत तिकडे आहे, आणि खालच्या मजल्यावरची आजी आमची पाटी नसतानाही चिखलाचा खडा चिमटीत धरून वर यायची. हा खडा कुणाच्या बुटाचा, हे तिला बघूनच कळायचं. त्या हंगामात माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं, आणि मीही कुणावर ठेवत नव्हतो. हिशेब चोख होता.

कॅलम चिडला की जर्मन सोडून त्याच्या गावच्या इंग्रजीत शिरायचा. मग सगळे माझ्याकडे बघायचे. "तुला इंग्रजी येतं ना? काय म्हणाला?" त्यातला एक शब्द मला कळत असेल तर शपथ. मी गंभीर चेहरा करून सांगायचो, "ओळ पुढे सरकवा म्हणतोय." बहुतेक वेळा तो तेच म्हणत असायचा, त्यामुळे माझं निभावलं.

शांत असला की मात्र त्याचं जर्मन साधं आणि स्वच्छ असायचं. चेंडूवर विश्वास ठेवू नका, म्हणायचा. समोरच्याच्या डोळ्यांवर नको, खांद्यावर तर मुळीच नको. कंबर बघा. आणि आवाज ऐकायचा तो फक्त आपल्या गोलकीपरचा. जर्मनीत 'चेंडू सोड, माझा आहे' हे सांगायला खेळाडू एकमेकांना 'लिओ' अशी हाक देतात. हा लिओ कोण, कुणालाच माहीत नाही. प्रतिस्पर्ध्याला फसवायला ती हाक देणं ही लबाडी, रेफरीनं ऐकलं तर फ्री किक देतो. "पण रेफरी दर वेळी ऐकेल असं समजू नका," कॅलम म्हणायचा. स्वतःला इतकं संशयी समजणाऱ्या मला हा माणूस गुरुस्थानी वाटायला लागला होता, आणि म्हणूनच मी त्याच्यावर जास्त लक्ष ठेवून होतो.

रविवारी आबांचा फोन असायचा. आधी मॅचचा निकाल, मग तब्येत. कॅलमची सगळी कथा त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ हुंकार देत राहिले.

"ऱ्हातोय कुठं म्हणलास?"

"पलीकडच्या गावात."

"आनि शिकवतोय तुमास्नी."

"हो, आबा."

"सुध्या, ज्या पेठेत माणसाची चूल हाय, त्या पेठेवर त्येचा पाय जोरात पडत न्हाई. ध्यानात ठेव."

हिवाळ्यात मैदान गोठलं, मार्चमध्ये पुन्हा चिखल झालं, आणि आम्ही हरत राहिलो. पलीकडचेही हरत होते. एप्रिल संपता संपता असं झालं की दोघांपैकी एकजण खालच्या लीगमध्ये जाणार, आणि शेवटची मॅच आमच्या मैदानावर त्यांच्याशीच. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो, त्यांना मात्र जिंकायलाच हवं होतं. डीटरनं कॅलमला बाजूला घेऊन सांगितलं की संघ खाली गेला तर तुझं पद सभासदांच्या सभेत मताला टाकावं लागेल. त्या दिवशी पाऊस होता म्हणून कॅलमनं मला गाडीतून घरापर्यंत सोडलं. वायपर खरखरत होते. तो म्हणाला, "दोन क्लबांनी काढलेल्या ट्रेनरला तिसरा घेतो. तीन क्लबांनी काढलेल्याला कुणी घेत नाही." मग म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही, सुधीर." माझं नाव त्यानं पहिल्यांदाच नीट उच्चारलं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की मॅचच्या तोंडावर हा मला हे का सांगतोय.

मॅचच्या दिवशी ऊन होतं. दोन्ही गावं कुंपणाला चिकटून उभी. पलीकडच्यांचा फॉरवर्ड बेर्न्ट, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पण चेंडू पायाला बांधल्यासारखा नेणारा. पलीकडच्या गावात त्याची बेकरी होती. कॅलम तिकडे खेळायचा तेव्हा हा त्याच्याच संघात होता आणि कॅलमच्या लग्नात साक्षीदार होता. हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही, पण आमच्या सेंटर बॅकचा पाय मुरगळला. बाकावर कामाचा कुणी नव्हता. आमच्यासारख्या गावच्या लीगमध्ये ट्रेनरचं नाव खेळाडू म्हणून नोंदवता येतं. कॅलमनं ट्रॅकसूट काढला, गुडघ्याला पट्टी गुंडाळली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कुंपणावरून एक कुजबुज मैदानभर फिरून आली. डीटरनं टोपी काढून पुन्हा घातली.

कॅलम कसा खेळला हे मी कुणालाही सांगू शकतो. तो पळत नव्हता, पळण्याची गरजच पडू देत नव्हता. बेर्न्ट वळायच्या आधी हा तिथं पोचलेला असायचा. एकदा दोघं खांद्याला खांदा लावून पडले आणि उठताना एकमेकांना हात न देता उठले. मला वाटलं, आबांना फोनवर सांगावं की पाय चांगला जोरात पडतोय.

मॅच संपायला आली होती. उजवीकडून उंच चेंडू आला. कॅलम त्याच्याखाली उभा, डोकं लावून नुसता ढकलला तरी रेघेबाहेर जाईल असा. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. तेवढ्यात मागून हाक आली, "लिओ." ओरडून नव्हे. घरातल्या माणसानं ताट वाढलंय म्हणून सांगावं इतक्या शांतपणे. कॅलमनं मान खाली घेतली. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, बेर्न्टनं तो छातीवर घेतला आणि गोलात मारला. रेफरी मैदानाच्या मध्यावर होता. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

फेराइन्सहाइममध्ये कुणी बसायलाही तयार नव्हतं. बटाट्याचं सॅलड तसंच झाकून ठेवलेलं. "सोडला त्यानं," कुणी तरी म्हणालं. "डोळ्यांदेखत सोडला." मी पुढे झालो आणि सांगितलं की हाक आली होती, ती मी ऐकली आणि ती बेर्न्टची होती. आमचा गोलकीपर म्हणाला, "मी तर काही बोललो नव्हतो." मी म्हटलं, तेच तर सांगतोय. डीटर माझ्याकडे वळला. "बरोबर, आणि तू त्याच्याच गाडीतून घरी जातोस." मग तो कॅलमकडे वळला.

"बेर्न्टनं हाक दिली?"

कॅलम गुडघ्याची पट्टी सोडत होता. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "चेंडू मी सोडला. चूक माझी."

बाहेर गाड्यांजवळ मी त्याला गाठलं. मला राग आला होता, कारण आता खोटा मी ठरत होतो. तुला ऐकू आलं होतं, मग नाही का म्हणालास, असं सरळ विचारलं.

"उद्या सकाळी मला बेर्न्टच्याच बेकरीतून पाव घ्यायचाय," तो म्हणाला. बूट डिकीत टाकले. "आणि हाक आली म्हणून सोडला असं सांगणारा बॅक मी अजून पाहिला नाही."

उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की मला पुन्हा शंका आली.

त्या रविवारी आबांना सगळं सांगितलं. "मी म्हणलं न्हवतं?" ते म्हणाले. "मन तिकडंच हुतं त्येचं."

"आबा, पाय तिकडे होते. मन नव्हतं."

"पाय मनाला इचारून चालत्यात, लेका." मग आपणच म्हणाले, "न्हाईतर न्हाई बी इचारत."

आज मी अजूनही ब्रेकचंच काम करतो. गाडी चालवणारा माणूस मनानं ठरवून ब्रेक दाबत नाही. समोर काही आलं की पाय आधी जातो आणि मन मागून येऊन सही करतं. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर विसंबून एखाद्यानं चेंडू सोडले असतील, तो आवाज कानावर पडल्यावर मान खाली जाणारच. बाकी जगावर संशय घ्यायला त्यानं स्वतःला शिकवलं होतं, त्या एका आवाजावर घ्यायचा राहिला. असं मला वाटतं. पण कधी कधी, विशेषतः मे महिन्यात, दुसरंही वाटतं. आवाज ओळखला म्हणूनच त्यानं मान खाली घेतली असेल तर? मित्र समोर बुडतोय आणि वाचवणं आपल्या कपाळावर आहे, हे त्या क्षणात त्याला कळलं असेल तर? मी हातभर अंतरावर होतो आणि तरी मला माहीत नाही. कॅलम पुढे हॅनोव्हरकडे गेल्याचं डीटरनं सांगितलं. कुठल्याशा शाळेत मुलींना फुटबॉल शिकवतो, क्लब वगैरे नाही. हेअरड्रेसर बाई बरोबर गेली की नाही, यावर दोन्ही गावांत दोन मतं आहेत.

ती सभा त्याच वर्षी जूनमध्ये झाली. संध्याकाळचं ऊन फेराइन्सहाइमच्या खिडक्यांतून टेबलांवर पसरलेलं, लोक ग्लास फिरवत बसलेले. आधी नव्या जाळ्यांचा विषय झाला, मग गवत कापायच्या यंत्राचा. जर्मन माणूस फाशी द्यायची असली तरी विषयपत्रिकेच्या क्रमानं देईल. मग डीटर उभा राहिला. ट्रेनर बदलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, म्हणाला. माझ्या टेबलावरचे हात वर गेले. शेजारच्या टेबलावरचे गेले. गोलकीपरचा गेला. कॅलमही क्लबचा सभासद होता, त्याला मत होतं. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि आपलाही हात वर केला.

मी माझे दोन्ही हात ग्लासाभोवती ठेवले. आबा तिथं असते तर त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला असता. पण मी ती हाक ऐकली होती आणि पुढचं सगळं माझ्यापुरतं त्यावर अवलंबून होतं. डीटरनं खोलीभर नजर टाकली, ती माझ्यावर क्षणभर थांबली, आणि निकाल झाला असं तो म्हणाला.

जाताना कॅलमनं प्रत्येकाशी हात मिळवला. ज्यांनी त्याच्या विरोधात मत दिलं त्या सगळ्यांशी, थट्टामस्करी करत, कुणाच्या पाठीवर थाप मारत. माझ्यापाशी आला तेव्हा त्याचं हसू गेलं. डोळे बारीक करून त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. खाली वाकून, इतरांना ऐकू जाऊ नये असं, त्यानं विचारलं, "तू हात वर केला नाहीस. तुला माझ्याकडून काय हवं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याला ते पटलं नाही. मान हलवून तो दाराकडे गेला.